चौतीस खुर्च्या

चार कार्बन लावून मी तो अहवाल टाइप केला.
पाचवी प्रत इतकी फिकट, की तीवर आकडे नव्हते,
आकड्यांच्या सावल्या होत्या.
तीच माझ्याकडे उरली आहे.

बोगोता, साठ सालचा फेब्रुवारी.
आमची कंपनी लहान. पंख्यांची सहा जुनी विमानं,
आणि एक अध्यक्ष, ज्यांना जेट हवं होतं
जसा दिवाणखान्यात पियानो हवा असतो,
वाजवणारं घरात कुणी असो वा नसो.

मग विक्रेते आले.
सॅन दिएगोचा आला तो घड्याळ काढूनच:
सगळ्यांत वेगवान आमचं.
तुलूजच्यानं नॅपकिनवर त्रिकोणी खिडकी काढून दिली,
खाली सही केली, जणू चित्रकारच.
इंग्रज हळू बोलायचा,
मोठ्या दुखण्यातून उठलेल्या नातलगाबद्दल बोलावं तसा.
सिएटलच्याला आमच्या उंचीनं धाप लागली,
तो जिन्यात दोनदा बसला.
एवारिस्तो किन्योनेस वरून बघत होते. म्हणाले,
"माणूस प्रामाणिक आहे. त्याच्या इंजिनाचंही इथे हेच होतं."

किन्योनेस आमचे एकुलते एक इंजिनिअर.
जेवणांची आमंत्रणं त्यांच्या टेबलापर्यंत पोचत नसत.
भर दुपारी ते रुआना पांघरून
धावपट्टीच्या टोकाला थर्मामीटर धरून उभे राहत.
गवत कापणाऱ्यांना वाटे, म्हातारा जमिनीचा ताप बघतोय.

एकदा मला म्हणाले, डिंकाची बाटली पुढे सरकवत:
"ओफेलिया, ही समुद्रसपाटी. इथे हवा दाट, सायीची.
आपण अडीच हजार मीटर वर.
इथवर येईतो तिचं ताक होतं,
आणि दुपारचं ऊन त्यात आणखी पाणी घालतं.
पंखाला टेकायला काहीतरी लागतं ना."

पान सात. मी टाइप केलं:
एक इंजिन ऐन वेळी बंद पडलं असं धरून,
दुपारी एकोणीस अंशांना,
सर्वांत वेगवान विमान इथून सुरक्षित उडेल.
चौतीस खुर्च्या रिकाम्या ठेवून.

'चौतीस'वर माझी बोटं थांबली.
कोण उतरणार? मी माणसं बसवायला लागले:
कार्नेशनची खोकी सांभाळणारी बाई,
मायामीला डोळे दाखवायला निघालेला नोटरी,
नवं लग्न झालेली दोघं, की त्यांतलं एकच?
"पुढे," किन्योनेस म्हणाले. "पुढे टाइप करा."

पान आठ: सिएटलचं धाकटं मॉडेल, पहाटे, सहा अंश. एकही नाही.

संचालकांची बैठक वीस मिनिटं चालली.
मेदेयिनच्या प्रतिस्पर्ध्यांनी सोमवारीच
सिएटलला मागणी नोंदवली होती.
सुटे भाग उसने मिळतील, पायलट फोडता येतील,
शिवाय कर्ज देणारी बँक तिकडचीच.
झालं. पेढीचं उत्तर आणि अहवालाचं उत्तर एकच निघालं,
अहवाल न उघडता.
त्यावर कॉफीच्या कपाचं गोल उमटलं होतं, तेवढं सोडून.

मला वाटलं, किन्योनेस चिडतील.
ते प्रत घेऊन खिडकीशी गेले,
ते गोल बराच वेळ पाहिलं,
आणि मला म्हणाले, "व्यास साडेसात सेंटिमीटर."
मग हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

वेळापत्रकाच्या कारकुनानं मात्र
पान आठ वाचलं असावं. मी कधी विचारलं नाही.
मायामीचं विमान सुटू लागलं
पहाटे पाच चाळीसला,
आणि अख्ख्या शहरानं आम्हाला शिव्या घातल्या
वर्षानुवर्षं: ही काय वेळ आहे?

सदुसष्टमध्ये मी पहिल्यांदा बसले त्यात.
किन्योनेस जाऊन दोन वर्षं झाली होती.
शेजारची बाई जांभया देत कंपनीचा उद्धार करत होती.
मी हो हो म्हणत राहिले.
बाहेर काळोख, निलगिरीची झाडं, गवतावर दहिवर.
चाकं सुटली तेव्हा अजून बरीच धावपट्टी शिल्लक होती.

पट्टा सोडायचा दिवा लागल्यावर
मी उठून मागे गेले, आणि मागूनच मोजत आले.
चौतिसाव्या खुर्चीत
एक मुलगा झोपला होता, तोंड उघडं टाकून,
एका पायात बूट नव्हता.